शाळा, व्यसन आणि सरकारी पैसा : पालकांनी काय मागावं?

सुपा हे पारनेर तालुक्यातलं, नगर-पुणे रस्त्यावरचं गाव. एमआयडीसीमुळे इथे बाहेरगावची कुटुंबं आली, रोजगार आला, टपऱ्याही वाढल्या. आम्ही शिक्षक मंडळी वर्गात आता फक्त गुटख्याच्या पुड्या पाहत नाही. कधी दप्तरात व्हाइटनर सापडतं, कधी पंक्चरचं सोल्युशन. नशा हराम आहे हे आपल्या प्रत्येक घरात सांगितलं जातं. पण मुलगा सापडला तर जायचं कुठे, हे कुणी सांगत नाही. मग घरचे गोष्ट झाकतात, नाहीतर कर्ज काढून खासगी केंद्र गाठतात. यासाठी सरकारी पैसा आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं.

प्रश्न किती मोठा?

एम्सने केंद्र सरकारसाठी केलेला देशव्यापी पाहणी अहवाल २०१९ मध्ये आला. हुंगण्याच्या नशेचं प्रमाण १० ते १७ वयाच्या मुलांत १.७ टक्के, तर मोठ्यांत ०.५८ टक्के निघालं. म्हणजे ही मोठ्यांपेक्षा मुलांचीच नशा जास्त आहे.

पैसा कुठून येतो?

पहिला मार्ग केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाचा. दारू आणि अमली पदार्थांसाठी या मंत्रालयाची राष्ट्रीय कृती योजना आहे. त्यातून संस्थांच्या पुनर्वसन केंद्रांना अनुदान मिळतं आणि सरकारी रुग्णालयांत उपचार कक्ष चालतात. १५ ऑगस्ट २०२० ला सुरू झालेलं नशामुक्त भारत अभियानही याच मंत्रालयाचं. शिक्षकांचं 'नवचेतना' प्रशिक्षण याच अभियानातलं.

दुसरा मार्ग आरोग्य खात्याचा. तंबाखू नियंत्रण कार्यक्रमात जिल्ह्याला शाळांमधल्या उपक्रमांसाठी निधी असतो. किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात (२०१४) १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी दवाखान्यांत समुपदेशन आहे. महाराष्ट्रात या केंद्रांना 'मैत्री' म्हणतात.

तिसरा मार्ग आरोग्य आणि शिक्षण खात्यांचा मिळून. २०२० च्या शालेय आरोग्य कार्यक्रमानुसार प्रत्येक शाळेत दोन शिक्षक आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षित व्हायचे आहेत. व्यसन रोखणं हा त्यांच्या ठरलेल्या विषयांपैकी एक.

कायदा काय म्हणतो?

शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही. १८ वर्षांखालच्या मुलाला तर कुठेच विकता येत नाही. हा २००३ चा कायदा. दंड फक्त २०० रुपयांपर्यंत. पण बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम ७७ कडक आहे. मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू दिली तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. तक्रार करताना हे कलम लक्षात ठेवा.

पालकांनी काय करावं?

सरकारी आणि अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तिथे आपल्या अम्मी-अब्बूंनी बसावं आणि तीन प्रश्न लेखी विचारावेत : आपले दोन आरोग्यदूत कोण? १०० यार्डांची पिवळी रेघ मारली का? मुलाला कुठल्या केंद्रात पाठवायचं, हे ठरलंय का? तोंडी विचारलेलं हवेत जातं. लेखी विचारलं की इतिवृत्तात येतं आणि उत्तर द्यावं लागतं.

घरात अडचण असेल तर १४४४६ वर फोन करा. ही नशामुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६, आणि मनावर ताण असेल तर टेलिमानस १४४१६. पुण्याचं मुक्तांगण केंद्र १९८६ पासून हेच काम करतंय.

सुप्याजवळच राळेगणसिद्धी आहे. तिथली दारू आधी गावाने ठरवलं म्हणून बंद झाली. निधी असला तरी तो शाळेपर्यंत आपोआप चालत येत नाही, कुणीतरी मागावा लागतो. आणि मूल सापडलं तर त्याला गुन्हेगार समजू नका. ते आजारी आहे. झाकून ठेवलं तर आजार वाढतो, वेळेत सांगितलं तर मूल परत मिळतं.