आधी कापड, मग सक्ती

माझे वडील निजामाच्या राज्यात दोन वर्षं शाळेत गेले. ते सांगायचे, अंगात मांजरपाटाचा सदरा अन् डोक्याला टोपी असली की झाली शाळा. गणवेश हा शब्दच त्यांना ठाऊक नव्हता. पण मोठं शिक्षण उर्दूतून होतं आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातली पोरं शेरवानी घालायची. शेरवानी दिसली की माणूस शिकलेला, असं गाव समजायचं. कपड्यावरून शाळा ओळखायची सवय आपल्याकडं जुनीच आहे.

१९४८ ला निजाम गेला. १९६० ला महाराष्ट्र झाला, १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या. मी पहिलीत बसलो १९६६ ला. पोरांना खाकी चड्डी अन् पांढरा सदरा, असा नियम होता. पण चौथीपर्यंत आमच्या गावच्या शाळेत कोणी तो पाळायचं नाही. पाचवीपासून शेजारच्या मोठ्या गावी पायी जायला लागलो, तिथं मात्र गणवेशाची सक्ती होती.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी सातवीत होतो. अख्खं गाव दुष्काळी कामावर गेलं. कोणी खडी फोडायला, कोणी पाझर तलावाची माती वाहायला. रेशनला परदेशातून आलेली लाल मिलो, कामावर लेकरांना सुकडी. घरात खायचेच वांधे, तिथं चड्डी कोण शिवणार? माझे मामा एसटीत ड्रायव्हर होते. त्यांची जुनी खाकी पँट मायनं मागून आणली. वडलांच्या जुन्या धोतराचा चांगला राहिलेला तुकडा काढला. गावच्या शिंप्यानं दोन्ही शिवून दिलं अन् म्हणला, "पैशाचं सुगीला बघू, वहिनी. पोराला शाळेत धाडा."

तो एकच जोड होता. शनिवारी दुपारी शाळा सुटली की माय तो धुवायची. पण तो घातला की मी पाटलाच्या पोरासारखाच दिसायचो. आमच्या रांगेत दलित वस्तीतला माझा एक सोबती होता. गावात त्याला पाण्याच्या आडावर लांब उभं राहावं लागायचं. शाळेच्या रांगेत मात्र उंचीप्रमाणं तो माझ्यापुढं उभा राहायचा. गणवेशाचा हा गुण मी डोळ्यानं पाहिला, म्हणून त्याला वाईट म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पण २६ जानेवारीला प्रभातफेरी निघाली तेव्हा त्याची चड्डी फाटली होती अन् त्यानं पट्ट्यापट्ट्याची घातली होती. गुरुजींनी त्याला रांगेतून बाहेर काढलं. "ड्रेस शिवल्यावर ये," म्हणाले. गुरुजी वाईट नव्हते, नियमाला धरून वागले. फेरी गावभर फिरून आली तवर तो वडाखाली बसून होता. दुसऱ्या दिवशी तो माय-बापासंगं खडी फोडायला गेला. परत शाळेत आला नाही. मी पुढं दहावी झालो. हुशारीत तो माझ्यापेक्षा पुढं होता. आमच्या दोघांत फरक फक्त मामाच्या पँटीचा.

आता काळ बदलला. २००९ ला शिक्षण हक्काचा कायदा आला. सरकारी शाळेतल्या आठवीपर्यंतच्या लेकरांना वर्षाला दोन गणवेश फुकट मिळतात. त्याला एका लेकरामागं सहाशे रुपये धरले आहेत. आधी हे पैसे शाळा व्यवस्थापन समितीकडं यायचे अन् कापड गावातच शिवलं जायचं. मग 'एक राज्य, एक गणवेश' निघालं. २०२४ ला कापड एकाच ठिकाणाहून आलं, शिवायचं काम बचत गटांच्या बायांना दिलं. बायांना काम मिळालं हे चांगलं झालं. पण पुष्कळ गावांत अर्धं वर्ष सरलं तरी गणवेश पोचले नाहीत, पोचले ते मापाला बसेनात. शेवटी डिसेंबर २०२४ ला सरकारनं तो निर्णय फिरवला अन् काम परत समित्यांकडं दिलं. लेकराचं माप गावच्या शिंप्याला माहीत असतं, एवढं कळायला एक वर्ष गेलं.

त्या वर्षी माझी नात विचारायची, "आबा, ड्रेस नसला तर रांगेतून काढतील का?" मला तो वड आठवायचा.

गणवेश सक्तीचा असावा का, असं कोणी विचारलं तर मी म्हणतो, असावा. पण ती सक्ती आधी देणाऱ्यावर असावी, मग लेकरावर. कापड वेळेवर आलं नाही तर त्याची शिक्षा लेकरानं का भोगायची?

आमच्या समितीच्या बैठकीत मी एवढंच मागितलं, की गणवेश नाही म्हणून एकाही लेकराला रांगेबाहेर काढायचं नाही. हेडमास्तरांनी ते रजिस्टरात लिहून घेतलं. खाली अंगठे अन् सह्या झाल्या. सही करताना माझा हात जरा थांबला. त्या सोबत्याला सही करता येत होती, सातवीपर्यंत शिकला होता तो.