विखंडित अधिवासातील जीवसमूह

विखंडित अधिवासातील जीवसमूह : सलग जंगल, माळरान किंवा पाणथळ प्रदेश रस्ते, शेती, खाणी, धरणे यांमुळे तुटला की त्याच्या सुट्या तुकड्यांत उरलेले वनस्पतींचे व प्राण्यांचे समूह. ते टिकतात की नाही, हे तुकड्याच्या आकाराइतकेच तुकड्यांमधील ये-जा किती चालू आहे यावर ठरते.

लहान तुकड्यातला समूह एखाद्या साथीने किंवा वणव्यानेही संपू शकतो. त्याखेरीज जवळच्या नात्यात प्रजनन होऊन आनुवंशिक दोष साठत जातात. फ्लोरिडातील प्यूमा २०-३० वर आले तेव्हा वाकडी शेपटी, हृदयदोष, नरांमधील वंध्यत्व असे दोष दिसू लागले. १९९५ मध्ये टेक्सासमधून ८ माद्या आणून सोडल्यावर त्यांची संख्या पुढे शंभरापलीकडे गेली.

रिचर्ड लेव्हिन्स यांनी १९६९ मध्ये या प्रश्नाला गणिती रूप दिले. विखुरलेले उपसमूह अधूनमधून नष्ट होतात, मोकळ्या जागा शेजारचे जीव पुन्हा भरतात. भरण्याचा वेग नष्ट होण्याच्या वेगाला पुरला तर सारे जाळे तगते. अशा जाळ्याला मेटापॉप्युलेशन म्हणतात. फिनलंडच्या ऑलंड बेटांवर इल्का हान्स्की यांनी ग्लॅनव्हिल फ्रिटिलरी या फुलपाखरावर याचा कसून अभ्यास केला. तेथील सुमारे ४,००० लहान कुरणांपैकी कोणत्याही एका वर्षी बहुतेक रिकामीच असतात, आणि कोणती रिकामी हे दरवर्षी बदलते. म्हणून ‘येथे आज काही नाही’ एवढ्यावरून एखादा तुकडा निरुपयोगी ठरवणे चुकीचे आहे.

वनस्पतींची ये-जा परागकण आणि बिया यांच्या रूपाने होते. सह्याद्रीत धनेश रानजायफळासारखी मोठ्या बियांची फळे गिळतो आणि बिया दूर टाकतो. धनेश नाहीसा झाला तरी जुनी झाडे अनेक वर्षे उभी राहतात. नवी रोपे मात्र कमी होत जातात. राई वरून हिरवीगार दिसत असल्याने हा ऱ्हास उशिरा लक्षात येतो.

मोठ्या प्राण्यांना शेतशिवारांतून जाणारे भ्रमणमार्ग लागतात. ‘वॉकर’ म्हणून ओळखला गेलेला तरुण वाघ २०१९ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरहून निघून शेकडो किलोमीटर भटकत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तेथे दुसरा वाघ नव्हता. असा एकटा नर पोहोचल्याने समूह वसत नाही. त्यासाठी मादीलाही तेथवर येता आले पाहिजे, म्हणजे वाट एकदाच नव्हे तर कायम खुली हवी. राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंच परिसरातील जंगल कापतो. महाराष्ट्राच्या हद्दीत त्याखाली वन्यप्राण्यांसाठी ९ मार्ग ठेवण्यात आले असून २०१९ मधील कॅमेरा-नोंदींनुसार ११ वाघांनी ते एकूण ८९ वेळा वापरले.