रांगेची किंमत

१९७२ पर्यंत अमेरिकेत विमानात चढणं म्हणजे जवळपास आपल्या एस्टीत चढण्यासारखं होतं. तिकीट दाखवा, बसा. बॅगेत काय आहे, सहसा कोणी विचारत नसे. परिणाम? १९६८ ते १९७२ या काळात तिथे विमान अपहरणाच्या सव्वाशेहून जास्त घटना झाल्या.

तरी विमान कंपन्यांचा तपासणीला विरोध. खर्च कोणी करायचा? आणि झडती घेतली तर गिऱ्हाईक पळेल ना! मग नोव्हेंबर १९७२ मध्ये तिघांनी सदर्न एअरवेजचं विमान पळवून ओक रिजच्या अणुकेंद्रावर पाडायची धमकी दिली आणि वाद संपला. ५ जानेवारी १९७३ पासून प्रत्येक प्रवाशाची तपासणी सक्तीची झाली. गंमत म्हणजे गिऱ्हाईक काही पळालं नाही. अपहरणं मात्र धाडकन कमी झाली. फायद्याचाच सौदा.

११ सप्टेंबर २००१ नंतर गणित बदललं. टीएसए ही सरकारी यंत्रणा आली. २००२ संपेपर्यंत विमानाच्या पोटात जाणारी प्रत्येक बॅग स्फोटकांसाठी तपासायची, असं ठरलं. आता न्यूयॉर्क-बॉस्टनचा हिशोब करा. उड्डाण तासाभराचं, पण विमानतळावर दीड-दोन तास आधी पोचायचं. गाडीने साधारण चार तास. मग कोण कशाला रांगेत उभं राहील? फक्त या बॅग तपासणीमुळे प्रवासी सुमारे ६ टक्क्यांनी घटले, असा अंदाज कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्ये मांडला.

बरं, विमान सोडलेला माणूस घरी बसत नाही, गाडी काढतो. आणि गाडी विमानापेक्षा कितीतरी धोक्याची. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगरेंझर यांच्या अंदाजानुसार हल्ल्यानंतरच्या वर्षभरात अमेरिकेच्या रस्त्यांवर सुमारे १५०० जादा माणसं मेली. त्यांना गाडीत बसवलं ते मुख्यतः भीतीने. पुढे भीती ओसरली, रांग राहिली.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं आहे. प्रत्येक बगवर एक पॅच, आणि जुना पॅच काढायची कोणाची हिंमत होत नाही. डिसेंबर २००१ मध्ये एकाने बुटात स्फोटकं नेली. २००६ मध्ये सगळ्यांना बूट काढणं सक्तीचं झालं, आणि तो नियम जायला जुलै २०२५ उजाडला.

सुरक्षा नको असं कोण म्हणेल? पण टळलेला घात जसा जमेला धरतो, तसे रस्त्यावर गेलेले जीव खर्चाला धरायला नकोत का? ते कुठल्याच खात्याच्या वहीत नाहीत.