उत्प्लावन : तळाशी रुतलेल्या वस्तूचे कोडे

द्रवात बुडालेल्या वस्तूच्या खालच्या पृष्ठावरील दाब वरच्या पृष्ठावरील दाबाहून अधिक असल्याने उद्भवणारा, विस्थापित द्रवाच्या वजनाइतका ऊर्ध्वगामी जोर. आर्किमिडीजच्या या सिद्धांतान्वये पाण्याहून हलका जिन्नस वर यावयासच हवा. परंतु किनवटच्या वाळल्या सागवानाची, म्हणजे पाण्याच्या जेमतेम दोनतृतीयांश घनतेची, सपाट तुळई पैनगंगेच्या एखाद्या डोहात चिकणमातीवर अशी घट्ट बसली की खाली पाण्याचा थेंबही शिरू नये, तर वरचे पाणी तीस उलट दाबूनच धरते. यात सिद्धांताची कसूर नाही. वस्तू सर्व बाजूंनी द्रवाने वेढलेली असावी, ही त्याची अट पाठांतरात बहुधा गळते. 5 मीटर खोलीवर निव्वळ पाण्याचाच भार दर चौरस सेंटिमीटरला सुमारे अर्धा किलोग्रॅम भरतो. कडेने पहार घालून फट पाडताच पाणी खाली शिरते आणि तुळई उसळून वर येते.