सीडीतील छायाचित्रे : दर्शन झाले, जतन राहिले

गोंदिया जिल्हा भंडारा जिल्ह्यातून वेगळा होऊन १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. जिल्ह्याचे हे पहिले दशक आणि छायाचित्रांची सीडी करून ती घरच्या टीव्हीवर पाहण्याची रीत, ही दोन्ही जवळजवळ एकाच काळातील होत. त्या दहा-बारा वर्षांत घरोघरी झालेली लग्ने, साखरपुडे आणि बारसी, पर्युषणातील तपस्वींच्या शोभायात्रा, साधु-साध्वींचे चातुर्मास प्रवेश, सम्मेदशिखरजीच्या यात्रा, नागझिऱ्याच्या सहली, या साऱ्यांची छायाचित्रे पूर्वीप्रमाणे अल्बममध्ये न जाता चकाकणाऱ्या तबकडीत गेली. बहुतेक ठिकाणी ती अद्याप तेथेच आहेत. ती तेथे आणखी किती काळ टिकतील, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने आणि प्रत्येक संस्थेने स्वतःस विचारण्याची वेळ आली आहे. त्याचे उत्तर मिळण्यासाठी ही रीत कोठून आली आणि तिने आपणांस नेमके काय दिले, हे प्रथम पाहणे इष्ट ठरेल.

पडद्याशी जुने नाते

डिजिटल छायाचित्र आणि टीव्ही यांचे नाते अगदी जन्मापासूनचे आहे. डिसेंबर १९७५ मध्ये अमेरिकेतील कोडॅक कंपनीचे तरुण अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी पहिला हातात धरता येणारा डिजिटल कॅमेरा तयार केला. त्याचे वजन सुमारे साडेतीन किलो होते. चित्र केवळ १०० गुणिले १००, म्हणजे १० हजार ठिपक्यांचे आणि तेही कृष्णधवल. एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत. ते पाहावयाचे कसे, तर ती फीत दुसऱ्या यंत्रात घालून टीव्ही संचावर. १९८१ साली सोनी कंपनीने लोकांपुढे आणलेला माविका कॅमेराही आपली चित्रे लहानशा फ्लॉपीवर घेऊन टीव्हीवरच दाखवीत असे.

यामागील कारण सरळ होते. संगणक त्या काळी घरात नव्हता, टीव्ही होता. भारतात १९८२ च्या एशियाड स्पर्धांच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि पुढील वर्षांत दिवाणखान्यातील मानाची जागा या संचाने घेतली. अल्बम एका वेळी दोघा-तिघांनाच पाहता येतो. पडद्यासमोर मात्र आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे घर एकत्र बसते.

दुसरा धागा तबकडीचा. फिलिप्स आणि सोनी यांची ध्वनीची कॉम्पॅक्ट डिस्क १९८२ साली जपानात विक्रीस आली. एकदा लिहिता येणारी कोरी सीडी जपानच्याच ताइयो युदेन कंपनीने १९८८ मध्ये विकसित केली. हे दोन धागे कोडॅकने एकत्र विणले. १९९० साली जाहीर झालेली आणि १९९२ पासून विक्रीस आलेली 'फोटो सीडी' ही खास टीव्हीवर छायाचित्रे पाहण्यासाठीच होती. रोल धुण्यास दिला की प्रयोगशाळा त्यातील चित्रे तबकडीवर उतरवून देई. एका तबकडीत सुमारे १०० चित्रे मावत आणि प्रत्येक चित्र लहान-मोठ्या पाच आकारांत साठविलेले असे. त्यांतील ७६८ गुणिले ५१२ ठिपक्यांचा आकार टीव्हीसाठी होता, तर सर्वांत मोठा ३०७२ गुणिले २०४८ ठिपक्यांचा आकार छपाईसाठी. दर्शनाची प्रत आणि जतनाची प्रत एकाच तबकडीत ठेवण्याची ही दृष्टी दूरची होती. परंतु तिचा साचा कंपनीचा खासगी होता. घरगुती ग्राहकांत ती रुजली नाही, आणि पुढे कंपनीनेच तिच्याकडे पाठ फिरविल्यावर त्या तबकड्या उघडणे उत्तरोत्तर कठीण होत गेले. स्वतः कोडॅकने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीपासून संरक्षण मिळण्यासाठी न्यायालयात धाव घेतली.

आपल्याकडील व्हीसीडीचे युग

आपल्याकडे आली ती व्हिडिओ सीडी, अर्थात व्हीसीडी. तिची नियमावली १९९३ साली ठरली आणि १९९५ च्या सुधारित नियमावलीत अधिक स्पष्ट अशा स्थिर चित्रांची सोय झाली. अमेरिकेत ती फारशी चालली नाही. आशियात मात्र स्वस्त प्लेअरमुळे घरोघर पोहोचली. दिल्लीत १९८३ साली स्थापन झालेल्या मोझर बेअर कंपनीने १९९९ च्या सुमारास भारतात कोऱ्या सीडींचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले. याच कंपनीने २००७ साली चित्रपटाची व्हीसीडी अवघ्या २८ रुपयांत बाजारात आणली, यावरून तबकडी किती स्वस्त झाली होती याची कल्पना येते.

गोंदियासारख्या व्यापारी शहरात आणि तिरोडा, आमगाव, देवरी अशा तालुक्यांच्या गावी या बदलाचे केंद्र होते फोटो स्टुडिओ. ३६ चित्रांचा रोल जपून वापरण्याचे दिवस संपले. दोन-तीन मेगापिक्सेलचा कॅमेरा घरात आला, त्याचे कार्ड भरले की ते स्टुडिओत द्यावयाचे आणि 'सीडी मारून द्या' असे सांगावयाचे. स्टुडिओवाला चित्रे संगणकावर घेई, आडवी झालेली उभी करी, नीरोसारख्या प्रणालीत त्यांची माळ लावी, प्रत्येक चित्र चार-पाच सेकंद दिसेल असे ठरवून मागे स्तवन, सनई किंवा चित्रपटगीत जोडी आणि तबकडी लिहून 'फायनलाइज' करी. हे शेवटचे काम राहिले तर घरचा प्लेअर ती तबकडी ओळखत नसे. लग्नाच्या चित्रीकरणाचे 'मिक्सिंग' झाले की दोन-तीन सीडींचा संच मिळे. भारनियमनाच्या त्या वर्षांत वीज येण्याची वाट पाहत पाहुणे टीव्हीसमोर बसलेले असत, आणि सासरी गेलेल्या मुलींना टपालाने एकेक प्रत जात असे.

या रीतीने दिलेला आनंद खरा होता, हे मान्य केलेच पाहिजे. दूरच्या आप्तांनी न पाहिलेला सोहळा पाहिला. अल्बमचा खर्च न परवडणाऱ्या कुटुंबांनाही शेकडो छायाचित्रे मिळाली.

ठिपक्यांचा हिशेब

तथापि, या व्यवहारात एक नोंद करावयाची राहून गेली. कापडाचा पोत जसा इंचातील धाग्यांवर ठरतो, तसा छायाचित्राचा पोत इंचातील ठिपक्यांवर ठरतो. तीन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे चित्र २०४८ गुणिले १५३६, म्हणजे सुमारे ३१ लाख ४५ हजार ठिपक्यांचे असते. व्हीसीडीवर ते चलचित्राच्या रूपात गेले की ३५२ गुणिले २८८, म्हणजे सुमारे १ लाख १ हजार ठिपके उरतात : मूळ मुद्दलाचा केवळ एकतिसावा हिस्सा. स्थिर चित्राची उत्तम सोय वापरली तरी ७०४ गुणिले ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख ५ हजार, आठवा हिस्सा. पुढे डीव्हीडी आली, तिची क्षमता ७०० एमबीवरून ४.७ जीबीवर गेली. पण टीव्हीसाठी बनविलेल्या डीव्हीडीवरील चित्रही ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचेच राहिले.

त्या काळच्या टीव्हीवर हा फरक डोळ्यांस जाणवत नसे. तो जाणवतो आज, जेव्हा दिवंगत आजोबांचे भिंतीवर लावण्याजोगे छायाचित्र शोधले जाते. ६ इंच रुंदीच्या छपाईस मूळ चित्र इंचाला सुमारे ३४० ठिपके देते, व्हीसीडीवरील चित्र जेमतेम ५९. मोठे करू जाता चेहऱ्याच्या जागी चौकटी दिसू लागतात.

मूळ चित्रे गेली कोठे? कार्ड महाग होते, म्हणून ते रिकामे करून पुन्हा वापरले गेले. स्टुडिओच्या संगणकातील जागा पुढच्या लग्नासाठी लागली. वास्तविक त्याच किमतीच्या ७०० एमबीच्या दुसऱ्या सीडीवर तीन मेगापिक्सेलची चार-पाचशे मूळ चित्रे जशीच्या तशी मावली असती. ज्या घरांनी अशी 'डेटा सीडी' वेगळी करून घेतली, त्यांची ठेव शाबूत राहिली. इतरांनी पाहण्याची प्रत हीच ठेव समजून कपाटात ठेवली.

तबकडीचे आयुष्य

दुसरी अडचण तबकडीच्या देहाचीच आहे. कोऱ्या सीडीत सेंद्रिय रंगद्रव्याचा अतिशय पातळ थर असतो. लेसर किरण त्यावर खुणा उमटवितो. हे रंगद्रव्य ऊन, उष्णता आणि दमटपणा यांनी क्षीण होते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या आणि पावसाळ्यात ओल धरणाऱ्या आपल्या भागात माळ्यावर ठेवलेल्या तबकडीस दोन्ही त्रास होतात. शिवाय एक गैरसमज सर्वत्र आढळतो. लोक चकाकणारी खालची बाजू जपतात. परंतु सीडीचा लेखनथर नावाच्या बाजूस, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. खालच्या बाजूस सव्वा मिलिमीटरच्या जवळपास जाडीचे पारदर्शक प्लास्टिक आहे. म्हणून बॉलपेनने नाव लिहिणे किंवा चिकटविलेला कागद खरवडून काढणे हे अधिक घातक. डीव्हीडीत हा थर दोन पातळ चकत्यांच्या मध्ये असल्याने तो तुलनेने सुरक्षित असतो.

तबकडी टिकली तरी ती वाचणारे यंत्र हवे. नवीन लॅपटॉपमधून सीडीची खाच नाहीशी झाली आहे, घरचे प्लेअर भंगारात गेले आहेत. ताइयो युदेनने २०१५ च्या अखेरीस कोऱ्या तबकड्यांचा व्यवसाय सोडला. मोझर बेअर २०१८ साली अवसायनात निघाली. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्ल्यू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबविले.

ताडपत्रांचा धडा

जतन म्हणजे काय, हे जैन समाजास कोणी नव्याने सांगावे असे नाही. षट्खंडागम आणि त्यावरील धवला टीका यांची ताडपत्रे कर्नाटकातील मूडबिद्री येथे शतकानुशतके दर्शनासाठी होती; भाविक येत, दुरून वंदन करीत आणि परत जात. ताडपत्रे मात्र जीर्ण होत होती. मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांच्या मनात ही काळजी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्पन्न झाली आणि प्रती उतरविण्याचे काम सुरू झाले. ते पुढे कित्येक वर्षे चालले. त्या प्रतींच्या आधारे डॉ. हिरालाल जैन यांनी आपल्या विदर्भातील अमरावती येथून १९३९ साली धवलेचा पहिला खंड संपादित करून प्रसिद्ध केला. श्रुत वाचले ते ताडपत्राच्या चिवटपणामुळे तर खरेच, पण योग्य वेळी नवी प्रत झाल्यामुळे अधिक. ज्येष्ठ शुद्ध पंचमीस श्रुतपंचमी आणि कार्तिक शुद्ध पंचमीस ज्ञानपंचमी साजरी करताना ग्रंथ बाहेर काढून, झटकून, तपासून पुन्हा बांधून ठेवण्याची परंपरा हेच शिकविते. वस्तू ठेवून देणे म्हणजे जतन नव्हे. वेळोवेळी उघडून पाहणे आणि नवी प्रत करणे म्हणजे जतन.

आता करावयाचे काम

काम कठीण नाही. संगणकास बाहेरून जोडता येणारा डीव्हीडी ड्राइव्ह आजही मिळतो. तबकडी मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे पुसावी, गोल फिरवून नव्हे. व्हीसीडी उघडल्यावर 'एमपीईजीएव्ही' नावाच्या कप्प्यात चलचित्र आणि 'सेगमेंट' नावाच्या कप्प्यात स्थिर चित्रे असतात. ती जशीच्या तशी उतरवून घ्यावीत. एका ड्राइव्हवर तबकडी वाचली गेली नाही तर दुसऱ्यावर पाहावी. पुष्कळदा ती वाचली जाते. उतरविलेल्या चित्रांच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या गावी, मुलाच्या किंवा मुलीच्या घरी असावी. ज्या स्टुडिओने काम केले त्याच्या जुन्या हार्ड डिस्कमध्ये मूळ चित्रे असण्याचा संभव असतो. तेथेही एकदा विचारणा करावी.

याहून निकडीचे काम नावांचे आहे. कागदी छायाचित्राच्या पाठीवर कोणीतरी नाव आणि तिथी लिहीत असे. तबकडीतील चित्रास केवळ क्रमांक असतो, आणि कॅमेऱ्यातील तारीख पुष्कळदा चुकीची. शोभायात्रेत कलश घेतलेल्या त्या पंधरा स्त्रिया कोण, मंडपात बसलेले ते वृद्ध गृहस्थ कोणाचे आजोबा, हे सांगू शकणारी माणसे आज साठ-सत्तरीच्या पुढे आहेत. तबकडीपेक्षा त्यांची स्मृती अधिक नाजूक आहे.

न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात तरुण मंडळींनी एक रविवार या कार्यास द्यावा. न्यासाच्या कपाटातील आणि घरोघरच्या तबकड्या एकत्र आणाव्यात, एका बाजूस त्या उतरविल्या जाव्यात आणि दुसऱ्या बाजूस ज्येष्ठांना टीव्हीसमोर बसवून प्रत्येक चित्रातील नावे वहीत लिहून घ्यावीत. ती वही पुढील पिढीस चित्रांइतकीच मोलाची वाटेल.