पंगतीत बसलेले विद्यापीठ

ऑक्सफर्डला जाऊन ‘विद्यापीठ कोठे आहे?’ असे कोणी विचारले, तर बोटाने दाखविता येईल अशी एक इमारत तेथे नाही. दिसतात ती कॉलेजे. प्रत्येकाचे दार, चौक, प्रार्थनामंदिर आणि भोजनगृह निराळे. यांतील सर्वांत जुने कोणते, हा वाद तेथील मंडळी हौसेने घालतात. त्यात आपण पडू नये. परंतु एकत्र राहण्याची रीतसर लेखी नियमावली प्रथम लाभली ती मर्टन कॉलेजास, आणि तिचा आरंभ १२६४ सालचा.

त्यापूर्वी विद्यार्थी गावात भाड्याच्या खोल्यांतून राहत, आणि गावकऱ्यांशी त्यांचे तंटे नित्याचेच असत. १२०९ साली एका स्त्रीच्या हत्येवरून खवळलेल्या गावकऱ्यांनी विद्यार्थ्यांना पकडून फासावर चढविले, तेव्हा उरलेल्यांनी गाव सोडले. त्यांतील काही केंब्रिजला जाऊन राहिले आणि तेथे दुसरे विद्यापीठ वाढीस लागले. अशा काळात निवाऱ्याची आणि शिस्तीची गरज वॉल्टर डी मर्टन या गृहस्थाने ओळखली. तो राजाचा चॅन्सेलर होता व पुढे रॉचेस्टरचा बिशप झाला. आपल्या जमिनीचे उत्पन्न त्याने प्रथम भाच्यांच्या शिक्षणास लावले. पुढे त्यातूनच संस्था उभी राहिली, आणि १२७४ साली शेवटची नियमावली ठरून मंडळी ऑक्सफर्डात स्थिरावली.

नियम मोठे वाचनीय आहेत. सर्वांनी एका पंगतीस जेवावे. वेष एकसारखा असावा. जेवताना एकाने ग्रंथ वाचावा व इतरांनी मौन पाळून ऐकावे. (ही चाल आमच्या सेमिनरींतही पुष्कळ काळ चालत आली. भूक लागली असता वाचकाने पान उलटलेले किती लांबणीवर पडल्यासारखे वाटते, हे तेथे बसलेल्यांसच ठाऊक!) हे सारे मठातून घेतलेले, यात शंका नाही. तथापि मर्टनने एक कलम मठाच्या अगदी उलट घातले : जो कोणी संन्यासव्रत घेऊन एखाद्या धर्मसंघात जाईल, त्याची कॉलेजातील जागा सुटेल. स्वतः धर्मसेवेतील माणसाने हे लिहावे, यातच मला त्याची दूरदृष्टी दिसते. मठाची शिस्त त्याने घेतली, पण मठ होऊ दिला नाही.

पुढे १२८४ साली कँटरबरीचे आर्चबिशप पेकम तपासणीस आले, तेव्हा त्यांना वैद्यकाचे विद्यार्थी तेथे शिरलेले आढळले. वैद्यक हा पदार्थविज्ञानाचाच भाग, अशी कॉलेजाची सबब होती. आर्चबिशपांस ती पटली नाही. नियमांना वाट काढण्याची कला विद्येइतकीच जुनी दिसते. १३७३ ते १३७८ या वर्षांत ग्रंथालय बांधले गेले. तेथील ग्रंथ पुढे साखळीने बांधून ठेवीत. ग्रंथ साऱ्यांच्या मालकीचा, म्हणून तो कोणा एकाच्या खोलीत जाऊ नये!

मात्र पंगत एक असली तरी पाने सारखी नव्हती. १३८०च्या सुमारास जॉन वायलियटने गरीब विद्यार्थ्यांसाठी देणगी दिली. त्यांना फेलोंपेक्षा कमी वाटा मिळे, म्हणून ते ‘पोर्शनिस्ट’, म्हणजे वाटेकरी. त्याच शब्दाचा अपभ्रंश होऊन त्यांना ‘पोस्टमास्टर’ म्हणू लागले, असे मानतात. टपालखात्याशी संबंध नाही. ते बराच काळ रस्त्यापलीकडच्या घरात राहत, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस कॉलेजाच्या आत आले. दोन शतके रस्ता ओलांडण्यास लागली!

स्त्रियांना याहून अधिक काळ लागला. नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या, बेळगावात बालपण काढलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९ साली ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल या स्त्रियांच्या वसतिगृहात राहिल्या. सहवास लाभला, मित्रमंडळ लाभले. १८९२ साली विशेष ठराव करून कायद्याच्या परीक्षेसही बसू दिले. पदवी मात्र नाही! ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देण्यास १९२० साली प्रारंभ केला, आणि कॉर्नेलियाबाईंच्या हाती ती १९२२ साली पडली. तेव्हा त्यांचे वय पंचावन्न वर्षांचे होते.

मर्टनच्या भोजनगृहात विद्यार्थिनी म्हणून स्त्रिया बसल्या त्या १९८० साली. चौदा वर्षांनी जेसिका रॉसन त्या पंगतीच्या मुख्य आसनावर, वॉर्डन म्हणून बसल्या.