‘नस दबली’ म्हणण्याआधी

मागच्या आठवड्यात तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच रील पाठवली. मान कडकन मोडतात, माणूस हसत उठतो आणि खाली लिहिलेलं असतं, ‘नर्व्हस सिस्टिम रीसेट’. हे खरंय का, असं तुम्ही विचारलंत. तर आज त्या ‘कडकन’चा इतिहास ऐकू.

वर्ष १८९५. अमेरिकेतलं डेव्हनपोर्ट शहर. डी. डी. पामर नावाच्या उपचारकानं हार्वे लिलार्ड या सफाई कामगाराच्या पाठीतला मणका दाबला आणि त्याचं बहिरेपण गेलं, असा दावा केला. त्यातून कायरोप्रॅक्टिक जन्मलं. मणका सरकला की नस दबते आणि नस दबली की आजार होतो, हा त्याचा मूळ विचार. पुढं विल्यम सदरलँड या ऑस्टिओपॅथनं १९३९ मध्ये कवटीच्या हाडांवर पुस्तक काढलं. हाडांची बारीक हालचाल हातानं जाणून उपचार करायचे, ही ‘क्रेनियल’ पद्धत.

गंमत बघा, ऐकण्याची नस पाठीच्या मणक्यातून जातच नाही! मोठ्या माणसाच्या कवटीची हाडं हातानं सरकवून आजार बरे होतात, याला भक्कम पुरावा नाही. कंबरदुखीत मात्र मणक्यांच्या उपचारानं काहींना थोडा आराम पडतो, हे अभ्यासांत दिसलंय.

मग बिघडतं कुठं? माझ्या मामाचं सांगतो. मामा ब्रह्मपुरीकडं धान करतो. रोवणीच्या दिवसांत त्याची करंगळी बधिर झाली. “नस दबली ना बाप्पा,” म्हणत तो सहा महिने मान मोडून घेत फिरला. एकदा गरम गंजाला हात लागला, फोड आला, तरी त्याला कळलं नाही. मामी त्याला ओढतच सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी कोपराजवळची नस चाचपली, हातावरचा फिकट चट्टा बघितला. कुष्ठरोग निघाला.

या रोगाचा जंतू हॅन्सन यांनी १८७३ मध्ये नॉर्वेत शोधला. तो त्वचेवर आणि हातापायांच्या नसांवर हल्ला करतो. स्पर्श जातो, दुखणं जातं. मग भाजतं, कापतं, चिघळतं आणि बोटं झिजतात.

अशीच बोटं गमावलेल्या, गावानं हाकललेल्या माणसांसाठी बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती काढली. वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर त्याच माणसांनी आनंदवन उभं केलं. पुढं बाबांच्याच मणक्यानं दगा दिला. कित्येक वर्षं त्यांना बसता येत नव्हतं, एक तर उभं राहायचं नाहीतर आडवं व्हायचं. १९८५ ची ‘भारत जोडो’ यात्रा त्यांनी गाडीत पडून केली.

इथंच माझा मुद्दा आहे. बाबांची पाठ दुखायची, म्हणून ती सगळ्यांना कळायची. आनंदवनातल्या माणसांच्या बोटांना दुखतच नव्हतं. दुखणाऱ्या नसेकडं आपण धावतो, तिच्यावर रील निघते. मुकी झालेली नस मात्र राहून जाते.

१९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं बहुविध औषधोपचार सुचवला. सहा किंवा बारा महिने गोळ्या घ्यायच्या, सरकारी दवाखान्यात फुकट. पण औषध जंतू मारतं. मेलेली नस परत येईलच असं नाही. मामा बरा झाला, त्याची करंगळी वाकडी राहिली. ते सहा महिने कोणी परत देणार नाही.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आजही नवे रुग्ण सापडतात. म्हणून आज घरी गेल्यावर एक काम करा. कुणाच्या अंगावर न खाजणारा, बधिर चट्टा आहे का? हातपाय सुन्न पडतात का? असेल तर मान मोडायला नेऊ नका, आधी दवाखान्यात न्या. आशाताईला विचारलंत तरी ती सांगेल.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!